बँडची आणि कॅलरी ॲपची पावलं रोज जुळत नाहीत, आठवड्याची बेरीज मात्र जवळपास जुळते. कारण काय असेल?

वहीखातं_सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशोब बघते. वय ४६, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ६८ किलो. जूनमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी इतक्यात नको, चालणं आणि खाणं सांभाळा. तेव्हापासून आम्ही तिघी पहाटे पावणेपाचला बॅटरी घेऊन अजिंक्यताऱ्यावर जातो. मंगळाईचं दर्शन घेतलं की उजाडता उजाडता खाली. रविवारी तेवढं साडेसहाला निघतो.

हातात पावलं मोजणारा बँड आहे आणि फोनमध्ये खाल्लेलं लिहून ठेवायचं कॅलरी ॲप. बँडची पावलं आणि कॅलरी आपोआप त्या ॲपात येतात, आणि त्यावरून रात्रीच्या जेवणाला किती शिल्लक राहिली ते ॲप सांगतं. जुलैपासून भाऊबीजेपर्यंत एकदाही फरक पडला नाही. भाऊबीजेनंतरच्या सोमवारपासून, म्हणजे २७ ऑक्टोबरपासून, रोज फरक पडतोय. त्याच आठवड्यात ॲपचं अपडेट आलं होतं, म्हणून मला त्याचाच संशय होता.

रोज रात्री दहाला मी दोन्ही आकडे वहीत लिहिते. त्यातले तीन दिवस देते.

सोमवार १० नोव्हेंबर: बँड १०,४८०, ॲप ६,१३०.
मंगळवार ११ नोव्हेंबर: बँड ११,२१५, ॲप ६,९२५.
रविवार १६ नोव्हेंबर: बँड ९,०६०, ॲप ९,०६०.

रविवार चोख जुळतो. बाकी सगळे दिवस चार-साडेचार हजारांनी कमी. एवढंच असतं तर ॲपला पावलं मिळत नाहीत म्हणून सोडून दिलं असतं. पण बुधवारी सहज मागे जाऊन सोमवार उघडला, तर ६,१३० च्या जागी १०,४२० दिसले. म्हणजे पावलं उशिरा आली म्हणायचं का? मग १०,४८० यायला हवी होती. ही साठ पावलं कुठे गेली? मोठा फरक मला एवढा त्रास देत नाही. एखादी नोंद राहून गेली की तो पडतो आणि शोधला की सापडतो. असा बारीक फरक उरला की कुठेतरी दोन चुका एकमेकींना झाकतायत, हे बावीस वर्षांच्या नोकरीत शिकले आहे.

आठवड्याची बेरीज घेतली तर दोन्हीकडे जवळपास सारखी येते. तेरीज जुळते आणि किर्द जुळत नाही, असा हा प्रकार आहे.

विचारायचं कारण नुसतं आकड्यांचं नाही. ॲप संध्याकाळी शिल्लक कमी दाखवतं, म्हणून गेले तीन आठवडे मी रात्री दोनऐवजी एकच भाकरी खाते आहे. परवा गडावर शेवटच्या चढाला डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या दोघींनी कठड्यावर बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले. तेव्हा वाटलं, आता याचा छडा लावायलाच हवा.

मोबाईलवाला_बार्शी

ताई, आमच्या दुकानात आठवड्याला दोन-चार गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन येतात. बहुतेक वेळा फोन बॅटरी वाचवायला बँडचं ॲप मागच्या मागे बंद करतो. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात बँडचं ॲप, त्यात बॅटरी, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं चालू करावं लागतं. कॅलरी ॲपलाही तेच करा. ब्लूटूथ चालू हवं, आणि अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी बघा. जुन्या अँड्रॉइडवर त्याऐवजी लोकेशनची परवानगी लागते.

आणखी एक. फोन स्वतःही पावलं मोजतो. फोन आणि बँड दोन्हीकडून पावलं जात असतील तर घोळ होतो. हेल्थ कनेक्टमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या ॲपांच्या आरोग्याच्या नोंदी फोनमध्ये जिथे एकत्र येतात तिथे, जाऊन पावलं कोण कोण लिहितंय ते बघा आणि एकच ठेवा.

वहीखातं_सातारा

दादा, सगळं करून पाहिलं. बॅटरीची सेटिंगं आधीच तुम्ही म्हणता तशी होती. फोनची पावलं बंद केली, आता फक्त बँड लिहितो. आजही फरक पडला, ४,३१०. आणि दुबार नोंद असती तर ॲपचा आकडा जास्त यायला हवा होता, माझा कमी येतोय. तरी तुम्ही एवढं लिहिलंत, आभार.

कोडवाला_हडपसर

ताई, तुम्ही स्वतःच उत्तराच्या अगदी जवळ आला आहात. बँडच्या ॲपात तासागणिक पावलांचा आलेख असतो. सोमवार १० तारखेचा काढा आणि पहाटे साडेपाचपर्यंत किती पावलं झाली तेवढं सांगा. मंगळवारचंही तसंच.

वहीखातं_सातारा

सोमवारी साडेपाचपर्यंत ४,३५०. मंगळवारी ४,२९०.

दादा, अंगावर काटा आला. १०,४८० मधून ४,३५० गेले की ६,१३० राहतात. ११,२१५ मधून ४,२९० गेले की ६,९२५. दोन्ही फरक पावलापर्यंत जुळले. पण साडेपाचच का?

कोडवाला_हडपसर

कारण आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे मध्यरात्रीचे बारा वाजून तारीख बदलते.

बँड ब्लूटूथवरून त्याच्या ॲपला पावलं देतो, ते ॲप हेल्थ कनेक्टमध्ये लिहितं, आणि कॅलरी ॲप तिथून उचलतं. हेल्थ कनेक्ट अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येच येतं, त्याआधी वेगळं घ्यावं लागायचं. तिथे प्रत्येक नोंदीला सुरू झाल्याची आणि संपल्याची नेमकी वेळ असते, वेळेचा विभागही लिहिता येतो. इथपर्यंत चूक नाही. पुढे ‘हा कुठला दिवस’ हे कॅलरी ॲप आपल्या हिशोबाने ठरवतं, आणि तुमच्या बाबतीत ते ग्रिनिचच्या तारखेने ठरवतंय. म्हणून पावणेपाच ते साडेपाचची तुमची पावलं आदल्या दिवसाच्या खात्यात पडतात. तो दिवस तुम्ही रात्री दहालाच लिहून मोकळ्या झालेल्या असता, त्यामुळे ती दिसत नाहीत. रविवारी साडेसहाला निघता, म्हणून रविवारी रात्री आकडा जुळतो.

मला एकच उमगत नाही. चूक ॲपची असती तर जुलैपासूनच असती. २७ ऑक्टोबरलाच का सुरू झाली?

लेस्टरकरीण

ते मी सांगते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. यंदा तो रविवार २६ तारखेला होता. उन्हाळ्यात आम्ही भारतापेक्षा साडेचार तास मागे असतो, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे उन्हाळ्यात आमची मध्यरात्र तुमच्या पहाटे साडेचारला व्हायची आणि ताई निघायच्या पावणेपाचला. पंधरा मिनिटांनी वाचत होत्या! त्या रविवारनंतर ती हद्द साडेपाचवर गेली. म्हणून पहिला फरक सोमवारी पडला.

नुसती ग्रिनिचची वेळ कधी बदलत नाही, ती बारा महिने तीच असते. त्यामुळे मला वाटतं ॲपात चूक नाही, ताईंचं खातंच लंडनच्या वेळेवर आहे. ताई, हे खातं कुणी उघडून दिलं? संगणकावर वेबसाइट उघडून खात्याच्या माहितीत ‘टाइम झोन’ बघा. फोनमधल्या ॲपात हा रकाना बऱ्याचदा दिसत नाही. माझाही अनुभव असाच आहे. आईचं खातं मी इथून उघडलं होतं आणि तिचा सकाळचा चहा कायम आदल्या रात्रीच्या जेवणात जायचा.

वहीखातं_सातारा

खातं भाच्याने उघडून दिलं. तो जुलैमध्ये शिकायला इंग्लंडला गेला, जाताना बँड मला देऊन गेला, आणि तिथे पोचल्यावर खातं उघडून व्हिडिओ कॉलवर पासवर्ड सांगितला. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर बघितलं. टाइम झोन: लंडन. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला हाक मारून दाखवलं, की मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय ना. बदलून कोलकाता केलं, भारतासाठी तेच नाव यादीत होतं. उद्या पहाटेनंतर आकडे टाकते.

आम्ही तिघी साधारण साडेपाचला गडाच्या दरवाजाशी पोचतो. तिथे उंबऱ्याला हात लावून क्षणभर थांबायची आमची रीत आहे. दरवाजाच्या अलीकडची पावलं काल आणि पलीकडची आज, असं तीन आठवडे चाललं होतं.

आहारसल्ला_सांगली

तुमचा छडा लागला याचा आनंद आहे, पण मला त्या भाकरीबद्दल बोलायचं आहे. साडेपाचच्या आधीच्या चालण्याच्या बँड किती कॅलरी दाखवतो?

वहीखातं_सातारा

साधारण १९०.

आहारसल्ला_सांगली

ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३४० कॅलरी असतात. म्हणजे १९० कॅलरी ही पंचावन्न ग्रॅम पिठाची एक भाकरी झाली. वेळेच्या घोळात तुमची रोजची नेमकी एक भाकरी गेली.

पण ताई, तो १९० चा आकडाही तुमच्या वहीतल्या रुपयांसारखा धरू नका. पावलं बँड बऱ्यापैकी मोजतो. कॅलरी तो मोजत नाही. वय, वजन, नाडीचे ठोके यांवरून अंदाज बांधतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सात मनगटी उपकरणं साठ जणांवर तपासली होती. सातातल्या सहांनी ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर दाखवले. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. असल्या आकड्यावर ताटातली भाकरी काढायची नसते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की दोन्ही वेळचं जेवण ठरवून घ्या, दोन-तीन आठवडे ते सांभाळा, मग वजन आणि साखर बघून बदल करा. बँडने चालायला उठवलं, एवढं त्याचं काम पुरे.

ॲपात तुम्ही दिनक्रम कोणता निवडलाय तेही बघा. ‘खूप सक्रिय’ निवडून वर बँड जोडला तर काही ॲपांत तेच चालणं दोनदा धरलं जातं. तुमचं काम बसून आहे, तेव्हा ‘बैठं’ ठेवा आणि चालणं बँडवर सोडा. भाकरीही नगावर लिहू नका. एकदा पीठ वजन करून घ्या, ४० ग्रॅमची फुलक्यासारखी भाकरी असते तशी ८० ग्रॅमची जाडही असते.

आणि अंधारी आली हे डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. गोळी नाही, तरी सांगा. पहाटे निघताना दोन खजूर किंवा अर्धं केळं खाल्लं तर चालेल का, तेही त्यांनाच विचारून घ्या.

वहीखातं_सातारा

गुरुवार २० नोव्हेंबर. बँड १०,९०५, ॲप १०,९०५. साडेपाचच्या आधीची ४,३३५ पावलं आजच्याच तारखेत आहेत, तासाच्या आलेखावरून दोनदा पडताळून पाहिली.

दिनक्रम ‘बैठं’ होता, तो बरोबर निघाला. पीठ वजन केलं, माझी भाकरी ६० ग्रॅमची. मी ॲपात ४० ग्रॅमची लिहीत होते, म्हणजे तिथेही चूक होतीच, पण ती माझ्या हाताची. डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली आहे. तोपर्यंत रात्री दोन भाकऱ्या, त्या काल रात्रीपासूनच सुरू केल्या.

कोडवाला दादा, २७ ऑक्टोबरपासूनचे मागचे दिवस दुरुस्त होतील का?

कोडवाला_हडपसर

तुमच्या ॲपात होतील असं मला वाटत नाही. वेळ बदलली तरी बहुतेक ठिकाणी आधी पडलेल्या नोंदी जिथल्या तिथे राहतात. खातं तोडून पुन्हा जोडायच्या फंदात पडू नका. जोडल्यावर हेल्थ कनेक्ट सहसा नव्या परवानगीच्या आधीचे तीसच दिवस वाचू देतं, आणि काही नोंदी दोनदा यायची भीती असते. बँडचे खरे आकडे तुमच्या वहीत आहेत, तेच धरा.

लेस्टरकरीण

आणि हे तुम्ही शोधलं नसतं तर २९ मार्चला आमची घड्याळं पुन्हा पुढे गेली की आपोआप सगळं जुळायला लागलं असतं. मग कारण कधीच कळलं नसतं, आणि पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा सुरू.

वहीखातं_सातारा

बरोबर आहे ताई. तोवर चार महिने एकच भाकरी चालली असती.

साठ पावलं राहिली होती, तीही लिहून ठेवते. सोमवारच्या १०,४८० मधून पहाटेची ४,३५० रविवारच्या खात्यात गेली, आणि मंगळवारच्या पहाटेची ४,२९० सोमवारच्या खात्यात आली. १०,४८० वजा ४,३५० अधिक ४,२९०, बरोबर १०,४२०. वहीत तिथे मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं होतं, त्यावर आज बरोबरची खूण केली.