वरचं दूध किती पाजलं? सोलापूरकर आयाबापांनो, लिहा की!

परवा सात रस्त्याजवळच्या मेडिकलमध्ये एक जण उभा होता. एका हातात पावडरचा डबा, दुसऱ्या हातात फोन, फोनवर बहुतेक सासूबाई. दुकानदाराला विचारत होता, "चार दिवसाच्या बाळाला किती द्यायचं ओ?" दुकानदार म्हणाला, "डब्यावर लिहिलंय की."

माझ्या पोटात गोळाच आला, कारण चार वर्षांपूर्वी मीही डब्यावरचंच वाचलं होतं.

लेक जन्मली तेव्हा २ किलो ८००. सिझर झालेलं, पान्हा फुटायला उशीर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिनं जो सूर लावला तो अकरापर्यंत. घरात एकच वाक्य, "पोट भरंना तिचं." चौथ्या दिवशी डबा आला. त्यावरच्या तक्त्यात पहिल्या ओळीत ९० मिली. मी ९० केलं, तिनं गटागटा संपवलं, आणि आई म्हणाली, "बघ, उपाशी होती लेकरू." अर्ध्या तासात सगळं बाहेर, नाकातूनसुद्धा. परत रडणं. मग आईचं लॉजिक: पोट रिकामं झालं, परत दे. आणखी ६० दिलं. रात्री साडेबाराला आम्ही रिक्षात.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागं आकडे मांडले, तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली, तेही अख्ख्या चोवीस तासांत. रोज साधारण २० वाढवत आठवड्याच्या शेवटी १५०. म्हणजे चौथ्या दिवशी १२० गुणिले २.८, झाले ३३६. आठ वेळा पाजलं तर एका वेळी ४२. मी दोनदा मिळून १५० ओतलं होतं. बरं, हे ४२ पण अंगावरचं अजिबात मिळत नसेल तर. अंगावर पीत असेल तर आधी दोन्ही बाजूंना लावायचं, मग डॉक्टर सांगतील तेवढंच वरचं. "पण तिनं संपवलं ना?" मी विचारलं. ते म्हणाले, बाळाला आडवं ठेवून बाटली तोंडात उलटी धरली की दूध येतच राहतं, बाळ गिळणार नाही तर काय करणार? बाळ उभट धरा, बाटली जवळजवळ आडवी, मधेमधे थांबा, ढेकर काढा. तोंड फिरवलं की संपलं, बाटलीत कितीही उरू दे.

पोट भरतंय का हे रडण्यावरून नाही, सूवरून ओळखायचं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओली लंगोटं. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आणि संध्याकाळचं ते सात ते अकरा? ते पुढं सहा आठवडे चाललं, पोट भरलेलं असतानाही.

तर लिहा. बाळाचं वजन, कितवा दिवस, किती पाजलं, काय चुकलं. डब्यांच्या कंपन्यांची नावं नकोत. १९९२ च्या कायद्यानं त्यांना जाहिरात करायला बंदी आहे, ती आपण फुकटात कशाला करायची?

जुळ्यांची आई, राहणार जुळे सोलापूर (हसून घ्या)
एक १.९, एक २.१. दोघांना दोन तासांनी, चमच्यानं. आठवड्यानंतर १.९ वाल्याला एका वेळी २४-२५ मिली. एवढंसं बघून सासूबाईंना रडू यायचं. मी त्यांना २५ मिली चहाच्या कपात ओतून दाखवलं, मग बाळाची मूठ त्याशेजारी धरली. त्यानंतर त्या गप्प झाल्या. माझी चूक वेगळीच: रात्री कोणाला पाजलं आणि कोणाला राहिलं तेच कळेना. एकाला दोनदा, दुसरा उपाशी. शेवटी एकाच्या पायात लाल दोरा बांधला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारायला लागले.

अक्कलकोट रोड, बाप
मी लूमवर रात्रपाळीला. बायकोला टाके, उठवत नव्हतं. म्हणून जाताना तीन बाटल्या बनवून ठेवायचो, तिला सोपं जावं म्हणून. मे महिना, पत्र्याचं घर. चौथ्या दिवशी पोरगं पातळ शी करायला लागलं, अंग तापलं, दोन दिवस ॲडमिट. तिथं सिस्टरनी झापलं ते आजन्म लक्षात राहील. बनवलेलं दूध बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, उष्टं तर लगेच ओतून टाकायचं. आणि पावडर थंड पाण्यात कालवायची नाही. पाणी खळखळ उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, कारण जंतू पावडरीतही असू शकतात. मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, पिंपात साठवलेलं. मला वाटायचं बाळाला जारचं पाणी आहे, ते उकळायला कशाला पाहिजे. उकळायलाच पाहिजे.

आजी, राहणार बाळे
आमच्या वेळेला बोंडलं होतं, बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, चांदीचं. ते उकळून घ्यायला सोपं, बाटलीच्या बुचात सतरा कोपरे. नातवाच्या वेळी चमचा मीच भरायचे, डोंगरावानी. म्हटलं दाट दिलं तर झोपेल. पोरगं तीन दिवस शीला बसेना, कुंथून लालेलाल. सुनेनं सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करून दाखवला. ३० मिली पाण्याला एक, सपाट. मध चाटवू दिला नाही याचा मात्र मला अजून राग आहे. डॉक्टर म्हणाले वर्षाच्या आत नाही, नाही तर नाही.

होटगी रोड
अंगावरच पाजा ना सगळ्यांनी! डबा कशाला घरात आणायचा?

↳ जुळ्यांची आई
ताई, तुम्ही या एकदा रात्री दोनला. बसा एक घेऊन.

भवानी पेठ, विणकर घर
आमच्या घरात तेलुगू, दवाखान्यात मराठी. बहिणीच्या बाळाचं वजन तीन आठवडे झाले तरी जन्माएवढं होईना. डब्बा पालु, म्हणजे डब्याचं दूध, चालू होतं, वेळेवर, मोजून ६०. कोणालाच कळेना. मग अंगणवाडीच्या ताई घरी आल्या, म्हणाल्या माझ्यासमोर बनव. बहिणीनं ६० मिली पाणी घेतलं आणि एक चमचा टाकला. डबा महाग, विड्यांची मजुरी आठवड्यानं, तर तिनं पुरवून पुरवून वापरायचं ठरवलेलं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. मोजमाप बरोबर होतं, दूधच अर्धं होतं. ताई ओरडल्या नाहीत. दुसरा चमचा स्वतः टाकला, आणि अंगावर परत लावायला शिकवायला रोज दुपारी यायला लागल्या. महिन्याभरात डब्याचं दूध निम्म्यावर आलं. आता पोरगी सात किलोची आहे, आईच्या मांडीवर बसून विड्यांची पानं विस्कटते.