मदत हवी आहे: कराडच्या आसपास मॉर्फिनच्या गोळ्या रीतसर कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

माहिती वडिलांसाठी हवी आहे. अण्णांचं वय 71. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्यात पसरला आहे. उपचार मुंबईत झाले, आता त्यांना कराडजवळ गावी घरी आणलं आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी मॉर्फिनच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी एक, आणि सोबत पोट साफ राहण्याचं औषध रोज न चुकता. आधी ट्रामाडॉल या वेदनाशामक औषधावर असताना अण्णा रात्रभर कण्हत असायचे. आता ते ओसरीवर बसून पेपर वाचतात, नातवंडांशी बोलतात. म्हणून या गोळ्यांत एक दिवसाचाही खंड पडायला नको आहे, आणि हाताशी उरल्यात त्या जेमतेम आठवडाभर पुरतील.

कराडच्या मेडिकल दुकानांत विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, "आम्ही ठेवत नाही." एकाने तर चिठ्ठी अशी परत केली की जणू आम्ही नशेसाठीच मागतोय. आईला ते फार लागलं. गावातले डॉक्टर सज्जन आहेत, पण तेही म्हणतात, सवय लागेल, ट्रामाडॉलच वाढवू. ओळखीतून एक जण बिलाशिवाय आणून देतो म्हणाला, त्याला आम्ही स्पष्ट नाही सांगितलं. गोळी खरी की बनावट, किती ताकदीची, हे कळायला मार्ग नाही, आणि असली खरेदी हा गुन्हा आहे.

मी वाचलं त्यावरून इतकं कळलं: 1985 चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांबाबतचा कायदा, 2014 साली दुरुस्त झाला. आधी रुग्णालयांना मॉर्फिन ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागायचे. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाची. अशा मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था सातारा, सांगली, कोल्हापूर भागात कोणत्या? अण्णांना गाडीत बसवत नाही, तर त्यांच्याऐवजी मी गेलो तर देतात का? सोबत कोणते कागद न्यावे? आणि एसटीने गोळ्या आणताना कुणी हटकलं तर काय दाखवायचं?

कायदा सोपा होऊनही तालुक्याच्या गावी ही साधी, स्वस्त गोळी मिळू नये, याचा खरंच संताप येतो.

प्रतिसाद

दादा, मी पुण्यात पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, परिचारिका आहे. आज पहिलं काम हे करा, मुंबईच्या ज्या विभागाने गोळ्या लिहून दिल्या त्यालाच फोन लावा. जवळची मान्यताप्राप्त संस्था त्यांना ठाऊक असते आणि ते तिच्या नावाने पत्र देतात. सोबत साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आणि जिल्हा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह कक्षात विचारा. पुण्यात वारजे इथे सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे उपचारांचे पैसे घेत नाहीत. कराडहून येताना ते हायवेच्या जवळच पडतं.

रुग्ण येऊ शकत नसेल तर बऱ्याच ठिकाणी जवळच्या नातेवाइकाला गोळ्या देतात, पण आधी फोनवर विचारून घ्या. मूळ चिठ्ठी, बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, अण्णांचं आणि तुमचं आधार कार्ड, आणि आधीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट न्या. प्रवासात चिठ्ठी आणि बिल गोळ्यांसोबतच ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध रुग्णासाठी नेण्यात भिण्यासारखं काही नाही. व्हिडिओ कॉलवर मॉर्फिनची चिठ्ठी देतो म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांत गुंगीकारक औषधं तशी लिहून देता येत नाहीत.

"सवय लागेल" हे मनातून काढा. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. पण ते एकाएकी बंदही करायचं नाही, अंगाला त्रास होतो. डोस मनाने वाढवू नका. लघवी कमी झाली, खूप गुंगी आली किंवा श्वास मंदावला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. किडनी मंदावली की हे औषध अंगात साठतं. गोळ्या कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. कधी उरल्या तर संस्थेला परत करा, दुसऱ्या रुग्णाला देऊ नका.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. कॅन्सर मणक्यात आहे, त्यामुळे पायातली ताकद अचानक कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. त्यात उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. मुंबईला फोन लागला. ते पुण्याच्या केंद्रासाठी पत्र देणार आहेत, धाकटा भाऊ ते घेऊन सोमवारी जाईल. पायांचं आईला आणि बायकोला समजावून सांगितलं आहे. सांगली-कोल्हापूरकडची माहिती कुणाकडे असेल तर अजूनही हवी आहे, दर महिन्याला पुणं लांब पडेल.