गिरणीतली मुलगी पुस्तकं वाचेल का?
कादंबरीतली नायिका दिवसभर मागावर राबते आणि रात्री पुस्तकं वाचते हे खोटं वाटलं असं तुम्ही म्हणताय, पण अमेरिकेत लॉवेल शहरातल्या कापडगिरण्यांत हे खरंच होतं हो. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, शेतकरी घरांतून आलेल्या या पोरी बहुतेक साक्षर, गिरणीत पुस्तक न्यायला बंदी म्हणून कवितांची कात्रणं खिडकीला चिकटवायच्या, आणि १८४० पासून पाचेक वर्षं 'लॉवेल ऑफरिंग' हे मासिक त्यांच्याच लिखाणावर चाललं! मला खटकलं ते वेगळंच, सूत तुटू नये म्हणून बंद ठेवलेल्या खिडक्या, छातीत जाणारा कापसाचा भुगा, बारा-तेरा तास काम, हे सगळं कादंबरीत दोन ओळीत उरकलंय. आणि १८३४ ला मजुरी कापल्यावर याच पोरी काम बंद करून रस्त्यावर उतरल्या, तो प्रसंग तर सविस्तर यायलाच हवा होता.