काळा घोडा महोत्सव: बँड ऐकायला कुठे उभं राहावं?

झांजवाला: क्रॉस मैदानात इंडी बँड (मोठ्या कंपनीविना स्वतःची गाणी करणारे) ऐकायचेत. स्टेजला चिकटून उभं राहिलं की गाण्याचे शब्दच कळत नाहीत, असं का?

खर्ज: पुढे ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प (स्टेजवरचे स्पीकरचे डबे) थेट कानावर आदळतात. गायकाचा आवाज मात्र दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. मागे मिक्सर, म्हणजे साउंडवाल्याचं आवाज जुळवायचं टेबल दिसेल, त्याच्या तीन-चार पावलं पुढे, मधोमध थांबा. साउंडवाला जे ऐकून आवाज लावतो, जवळपास तेच तुम्हाला मिळेल. फोमचे इअरप्लग न्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि अर्धा मिनिट दाबून धरायचे. अर्धवट बसले तर बास (खालचा, धमधमणारा आवाज) तसाच आत येतो, सगळं गढूळ ऐकू येतं.

चर्चगेट_स्लो: प्रवेश फुकट, त्यामुळे शनिवार-रविवारी मुंगीला शिरायला जागा नसते. मधल्या वारी या. चर्चगेट स्टेशनहून चालत पाच-सात मिनिटं. रात्री १० च्या सुमारास उघड्यावरचा आवाज बंद होतो, तेव्हा नऊला पोचून उपयोग नाही.

झांजवाला: आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग फाटतं ते?

खर्ज: बासने माइक ओव्हरलोड होतो. सबवूफर, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरपासून लांब जा. एकदा फाटलेला आवाज नंतर कमी करून सुधारत नाही. बँड आवडलाच तर टी-शर्ट घ्या, नाहीतर बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवरून अल्बम. स्ट्रीमिंगच्या पैशांत चहासुद्धा सुटत नाही बिचाऱ्यांचा.