अनुभव धागा : सूर्यास्ताच्या बोटीवर गेलेले कोल्हापूरकर

उद्यमनगरची लेक
काल भाचीनं पणजीहून व्हिडिओ पाठवला. मांडवीत बोट, वरच्या डेकवर ही गर्दी, डीजे, मागं सगळं आभाळ केशरी. भाची नाचत होती आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबा उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. एका दिवाळीनंतर मालकांनी सगळ्या कामगारांची घरच्यांसकट गोव्याची सहल काढली. पहाटे गाडी निघाली, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. घाट उतरला की हवा चिकट होते, तेवढ्यावरच आम्ही पोरं 'समुद्र आला' म्हणून ओरडायला लागलो. संध्याकाळी सांता मोनिका जेटीवर रांगेत उभे. मांडवीवरचा अटल सेतू हा पूल तेव्हा नव्हता, तो २०१९ चा. बोट सुटली तशी डाव्या हाताला पणजी सरकायला लागली. आदिलशहाचा वाडा, ज्यात पूर्वी सचिवालय होतं. उजवीकडं बेती, मग रेइश मागूशचा किल्ला, आणि लांब नदीच्या मुखाशी आग्वाद.

आधी स्टेजवर गोव्याचे नाच झाले. 'देखणी' नावाचा नाच, पोर्तुगीज धाटणीचा कोरिदिन्यो, आणि फुगडी. फुगडी सुरू झाली तशा आमच्या गाडीतल्या बायका सरसावून बसल्या. मग निवेदकानं जोड्यांना बोलावलं. आमच्यातलं कुणी उठेना. आणि बाबा उठले. गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा लेझमाच्या कडेकडेनं चालणारा माणूस! त्यांनी आईचा हात धरला, आईनं पदर खोचला, आणि दोघं गेले. नाच कसला, नुसतं एकमेकांच्या हाताला धरून डुलणं होतं. पण बाबा हसत होते, मोठ्यानं. कारखान्यातले सगळे शिट्ट्या मारत होते.

त्यानंतर बाबांना नाचताना कधी पाहिलं नाही. गल्लीत ओळखणारी माणसं होती म्हणून लाजत असतील म्हणावं, तर बोटीवरपण तीच माणसं होती. मग पाण्यावर गेल्यावर माणसाचं नेमकं काय सुटतं? तुम्ही गेला असाल तर लिहा. पणजी, मुंबई, मालवण, कोची, कुठलीही बोट चालेल.

शिरोलीचा फौंड्रीवाला
नाद खुळा ताई. अंगावर काटा आला. फोटो हाय का आईबाबांचा?

उद्यमनगरची लेक
नाही हो दादा. कॅमेरा मालकांच्या मुलाकडं होता आणि रीळ आधीच संपलेला.

गडहिंग्लजकर
आम्ही नेहमी जाणारे, आंबोलीतून उतरलं की आलंच. कामाचं सांगतो. डिसेंबरात पणजीला सूर्य सहाच्या आसपासच बुडतो, मे महिन्यात सातच्या जवळ. त्यामुळं 'सहाची बोट' थंडीत घेतली तर जेटी सोडेपर्यंत निम्मा खेळ संपलेला. थंडीत त्याआधीची मिळाली तर तीच घ्या. आणि बसायचं कुठं, तर तोंड समुद्राकडं करून बघा. थंडीत सूर्य दक्षिणेकडं सरकलेला असतो म्हणजे डाव्या, पणजीच्या अंगाला मावळतो. मे महिन्यात उजव्या अंगाला. स्टेजसमोरच्या खुर्च्या लोक पळत जाऊन धरतात, त्यांना धरू द्या. आपण कठड्याला.

राजारामपुरी भिशी
आमच्या भिशीच्या बायका गेल्या होत्या मागच्या थंडीत, फक्त बायका! कुणाचे मिस्टर नाहीत, पोरं नाहीत. बोटीवर डीजेवाल्यानं लेडीज राउंड म्हणून सांगितलं तर आधी सगळ्या एकमेकींना ढकलत होत्या. मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, सत्तरीच्या, त्या गेल्या आणि म्हणाल्या आम्हाला हे नाच येत नाहीत, आम्ही झिम्मा घालणार. डीजेचं गाणं हिंदी, ठेका भलताच, आणि आमचा झिम्मा त्यावर बरोब्बर बसला!! गुजरातहून आलेल्या बायका होत्या, त्यांनी टाळ्यांचा गरबा धरला. दोन्ही रिंगण एकमेकांत. बाजूला कॉलेजची पोरं होती ती मोबाईल खिशात घालून टाळ्या वाजवायला लागली. काकूंचे मिस्टर गेल्यापासून त्यांनी मंगळागौरीला यायचं सोडलं होतं. त्या दिवशी घामाघूम होईपर्यंत नाचल्या. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

आजऱ्याची सून
काकूंना माझा नमस्कार सांगा 🙏 डोळे भरले.

पेठेतला पैलवान
भिशीच्या वैनी, येताना जेवलात कुठं ते सांगा. आमची बोटीवरनं उतरल्यावर दरवेळी पंचाईत. गोव्यात मासा खाल्ला तरी पांढरा रस्सा आठवतोय.

गडहिंग्लजकर
भावा, गोव्यात जाऊन पांढरा रस्सा कशाला, तिथं हुमण खा की, माशाची आमटी. आणि बोटीच्या आधी पोटभर खाऊ नका कुणी, नंतर खा.

चिखलीची
मी लिहू का नको विचार करत होते. विषय आनंदाचा आहे म्हणून.

आमचं गाव प्रयाग चिखली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली तेव्हा आमच्याकडं आणि आंबेवाडीत बोटी आल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसले ती ती बोट. सासूबाई, माझी लहान मुलगी, एक पिशवी. गोठ्यातली जनावरं सोडून दिली होती, त्यातली म्हैस पाण्यात उभी दिसत होती आणि बोट पुढं चालली होती. जवानांनी मुलीला स्वतःच्या अंगावरचं जॅकेट घातलं. इंजिनाचा तो आवाज आणि डिझेलचा वास माझ्या डोक्यात बसला.

मग दोन-तीन वर्षांनी नणंदेच्या कुटुंबाबरोबर गोव्याला गेलो. सगळ्यांनी बोटीची तिकिटं काढली. मी जेटीवर पोचले आणि इंजिन सुरू झालं. तोच वास. पाय उचलेना. नवरा म्हणाला आपण दोघं इथंच थांबू, पोरांना जाऊ दे. मुलगी आत गेली होती, वरच्या डेकवरनं हाका मारत होती. तिथला एक खलाशी, वयानं मोठा, त्यानं काही विचारलं नाही, नुसतं एक जॅकेट आणून माझ्या हातात दिलं. मी ते घातलं आणि चढले.

नाचले नाही. कठडा धरून बसले होते. पाणी शांत होतं. आमच्याकडं आलेलं पाणी मातकट होतं, त्याला वेग होता. हे चमकत होतं. मुलगी नाचून नाचून दमली आणि मांडीवर येऊन झोपली, डीजे चालू असताना. तिला पुराचं काहीच आठवत नाही. मला त्याचं फार बरं वाटतं.

उद्यमनगरची लेक
ताई, बरं झालं लिहिलंत. याच धाग्यावर हवं होतं हे.

शिरोळ तालुका
चिखलीच्या ताई, आमचं पण तसंच. आमच्या घरातले अजून बोटीत बसत नाहीत, नरसोबाच्या वाडीला पलीकडं जायचं तरी रस्त्यानं फिरून. तुम्ही चढलात हेच लई मोठं.

सांगलीची मैत्रीण
त्याच पुरात आमच्या जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली होती. तेव्हापासून माझा एकच नियम. बोट नदीतली असो, तळ्यातली असो, नाचाची असो, जॅकेट घालूनच बसायचं. फोटो चांगले येत नाहीत म्हणून काढून ठेवणाऱ्या मुलींना मी सरळ जाऊन सांगते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा दुपारी चारच्या सुमाराची वेळ होती. सहलीची माणसं होती सगळी. कृपया घाला.

औषधवाला
बोट लागणाऱ्यांसाठी. अॅव्होमिनची गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी तासभर, चढल्यावर घेऊन उपयोग कमी. झोप येते, त्यामुळं परतीची गाडी चालवणाऱ्यानं घेऊ नये. गरोदर बायकांनी, लहान मुलांना देताना आधी डॉक्टरना विचारा. मांडवीत आतल्या बाजूला सहसा त्रास होत नाही, मुखाकडं गेल्यावर बोट हलायला लागते. मोबाईलमध्ये बघत बसलात तर हमखास लागणार. लांब, जिथं पाणी आणि आभाळ मिळतं तिथं बघायचं.

मूळचा वेंगुर्ल्याचा
नोकरीनिमित्त कोल्हापुरात आलो आणि इथलाच झालो. तुमच्या नाचाच्या बोटी मी पाहिल्यात, पण मला बोट म्हटलं की कोकणची बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, बंदरं घेत घेत खाली यायची. मोठी बोट किनाऱ्याला लागायची नाही, लांब उभी राहायची. मग पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. शिडीवरून पडावात उतरायचं, खाली पाणी वरखाली होतंय, आणि तांडेल, म्हणजे होडीचा नावाडी, बाईमाणसांना, पोरांना दंडाला धरून अलगद उतरवून घेई. डेकवर चटया पसरून रात्र काढायची. कुणी भजन म्हणे, कुणी दशावतारातली पदं. संध्याकाळी सूर्य बुडताना सगळे पश्चिमेच्या कठड्याला जमत, आणि आमची आजी त्या वेळेला हात जोडून बसे. 'रामदास' नावाची बोट बुडाली तीत तिचा भाऊ गेला होता, १७ जुलै १९४७ ला, रेवसजवळ. सहाशेच्या वर माणसं गेली त्या दिवशी. तरी दरवर्षी आजी बोटीनंच यायची. दुसरा रस्ताच नव्हता म्हणा, पण गाणंही तीच सुरू करायची.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर एवढंच. बोटीत उतरून जायची सोय नसते. जे सोबत आहेत तेच आपले, तेवढा वेळ. त्यामुळं माणूस मोकळा होतो.

भूगोलाच्या बाई
काका, किती सुंदर लिहिलंत. मला एक सांगावंसं वाटतं, विषयाला सोडून असलं तरी. गगनबावड्याच्या कड्यावर उभं राहिलं तर कोकण पायाशी दिसतं, समुद्र किती जवळ. पण आपलं पाणी तिकडं जातच नाही. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि थेट बंगालच्या उपसागरात जाते. मांडवी मात्र बेळगाव जिल्ह्यात भीमगडाकडं म्हादई म्हणून उगम पावते आणि पश्चिमेला वळते. एकाच सह्याद्रीचं पाणी, दोन दिशांना. मुलांना बोटीवर नेलं होतं तेव्हा हेच सांगितलं, आणि सूर्य टेकल्यावर घड्याळ लावायला लावलं. बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडायला दोन-अडीच मिनिटं लागतात. आणि ज्या क्षणी ते पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो, हवेत किरण वाकतात म्हणून आपल्याला दिसत राहतो. मुलांनी डीजेला दोन मिनिटं गाणं थांबवायला सांगितलं. त्यानं थांबवलं! सगळी बोट मोजत होती.

रंकाळाकाठी
बाई 👌👌 अशी बोट आपल्या रंकाळ्यात का नाही काढत कुणी?

संध्यामठ
नको. हात जोडून नको. जलपर्णी काढून काढून तळं जरा श्वास घेतंय. वर डीजे आणि डिझेल कशाला. पाणपक्षी आहेत, संध्याकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं आहेत.

रंकाळाकाठी
बरोबर आहे. डीजे नको. वल्ह्याची चालेल?

पुण्यातून कोल्हापूरकर
मुंबईचा अनुभव चांगला नाही. ऑफिसच्या लोकांनी 'सनसेट पार्टी' म्हणून पैसे भरले. वेळेवर हजर. बोट तासभर उशिरा आली. सूर्य आम्ही धक्क्यावर उभं राहून पाहिला, पाठमोऱ्या बसच्या काचेत. आत अंधारात नाचलो. पैसे परत मागितले तर संगीत आणि जेवण तर दिलं ना म्हणाले. सूर्यास्तासाठी जाताय तर सुटायची वेळ लेखी घ्या, आणि उशीर झाला तर काय, हे आधी विचारा. मला अजून राग येतो.

देवबागला मामा
मामाच्या गावी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं छोट्या बोटी जातात. मागं पोरांचा एक ग्रुप स्पीकर घेऊन चढला. संगमाजवळ आल्यावर तांडेल म्हणाला, "वायच बंद करा, पाण्याचो आवाज आयका." पोरांनी ऐकलं. एका बाजूला नदी सपाट, दुसरीकडं लाटा फुटतायत, मधे सूर्य. माझ्या मते पार्टीच्या बोटीपेक्षा हे शंभर पट चांगलं. पण पावसाळ्यात बंद असतं हे ध्यानात ठेवा.

गडहिंग्लजकर
दोन्ही पायजेत दादा. एकदा गप्प बसायला, एकदा नाचायला.

आजऱ्याची सून
माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला न्यायचंय. चढताना अवघड आहे का?

गडहिंग्लजकर
भरती असली तर बोट धक्क्याच्या बरोबरीनं येते, फळी सपाट. ओहोटीला बोट खाली जाते, फळीला उतार पडतो. आधी फोन करून विचारा. वरच्या डेकला जिना असतो, तो त्यांना जड जाईल, खालच्या डेकवर खिडकीशी बसवा. गर्दी चढून झाली की शेवटी चढवा, खलाशी हात देतात.

राजारामपुरी भिशी
आले परत. पैलवान भाऊ, जेवण पणजीत एका खानावळीत केलं, काकूंनी सोलकढी तीनदा मागून घेतली. आणि आजऱ्याच्या ताई, आईंना आमच्याबरोबर पाठवा. पुढची सहल ठरतेय, शनिवार-रविवार सोडून, गर्दी नको म्हणून. उद्यमनगरच्या ताई, तुमच्या आई आहेत का? त्यांनाही विचारा.

उद्यमनगरची लेक
आहेत. बाबाही आहेत. पण भिशी फक्त बायकांची ना?

राजारामपुरी भिशी
तुमच्या बाबांसाठी नियम मोडला. नावं कळवा, जागा धरून ठेवते.