घशातील पांढरे ठिपके, अँटिबायोटिक आणि दोन दिवसांची वाट

होटगीरोडकर:
काल येथे एका पालकांनी लिहिले की, मुलाच्या घशात पांढरे दिसले म्हणजे तो जिवाणूंचाच संसर्ग असतो, अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू करावे आणि "दोन दिवस थांबा" म्हणणारा डॉक्टर बदलावा. त्याखाली होकार देणाऱ्यांची रांग लागलेली पाहून सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पांढरे ठिपके हा पुरावा नव्हे. अ‍ॅडेनोव्हायरस टॉन्सिलवर तसाच थर आणतो. एपस्टाइन-बार विषाणूचा थर तर कित्येकदा त्याहून दाट असतो, आणि या आजारात अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिन गटातले अँटिबायोटिक) दिले तर अंगभर पुरळ उठू शकते. मग मुलाच्या फाइलवर पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा नाहक शिक्का बसतो. शाळकरी मुलांतही घसा दुखणाऱ्या दहांपैकी साधारण दोघा-तिघांनाच स्ट्रेप, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग, असतो आणि तीन वर्षांखालील मुलांत तो विरळाच. खोकला, वाहते नाक, बसलेला आवाज, लाल डोळे किंवा तोंडातले फोड असतील, तर बहुधा विषाणू समजावा. एकदम चढलेला ताप, थुंकी गिळतानाही कळ, जबड्याखाली दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी आणि खोकला मुळीच नाही, असे चित्र असेल तर स्ट्रेपची शंका घ्यावी. ताप, गाठी, खोकल्याचा अभाव आणि टॉन्सिलवरचा पांढरा थर हे निकष सेंटर या डॉक्टरांनी १९८१ मध्ये प्रौढांसाठी मांडले आणि मॅकआयझॅक यांनी १९९८ मध्ये त्यांत वयाची भर घातली. पण सर्व निकष जुळले, तरी स्ट्रेप निघतो तो निम्म्यांच्या आसपास मुलांतच. खात्री हवी असेल, तर घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, तपासावाच लागतो.

बाळीवेसकर:
ती पोस्ट माझी आहे आणि ती मी पुस्तक वाचून लिहिलेली नाही. माझी धाकटी बहीण शाळेत असताना तिचा घसा धरला होता. घरी हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ताप उतरला, सगळे विसरून गेले. दोन-तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजून लाल झाला. तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग मनगट. निदान झाले ऱ्हुमॅटिक फीव्हरचे, म्हणजे स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदय यांना सूज आणणाऱ्या आजाराचे, आणि तोवर हृदयाची झडप खराब झाली होती. आज दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. आपले "दहांपैकी दोघे-तिघे" मला सांगू नका, त्या दोघांत माझी बहीण होती.

होटगीरोडकर:
आपल्या बहिणीचे वाचून वाईट वाटले. परंतु तिला औषध दोन दिवस उशिरा मिळाले असे नाही, ते मिळालेच नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले, तरी ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो. कल्चरचा, म्हणजे स्वॅबमधील जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल एक-दोन दिवसांत येतो; "दोन दिवस थांबा" ते त्यासाठीच. दुसरे असे की, आपल्याकडे घसा दुखला की पोटात जाते ते तीन दिवसांचे अझिथ्रोमायसिन, तर स्ट्रेपवरचे पहिल्या पसंतीचे औषध आहे दहा दिवस घ्यायचे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनला हा जिवाणू आजवर दाद देत आला आहे. अझिथ्रोमायसिनला तो सर्वत्र दाद देतोच असे नाही.

पूर्व भागातील शिक्षिका:
आपण दोघेही थांबू शकणाऱ्या घरांविषयी बोलत आहात. माझ्या वर्गातील कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात. पान-तंबाखू आणायचे, रात्री उशिरापर्यंत वळायचे, सकाळी विड्या जमा करायच्या, आणि मजुरी हजार विड्यांमागे. दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. त्या बाईला आज स्वॅब द्या आणि निकालासाठी परवा या असे सांगितले, तर ती परवा येणार नाही. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चार गोळ्या नेईल. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर अर्धा वर्ग खोकत असतो, तेव्हा मुलांच्या दप्तरांत तेच तेच गोळ्यांचे तुकडे मला दिसतात.

मेडिकलवाला:
खापर शेवटी आमच्याच माथी फुटणार, हे ठाऊक होते. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये, हे मला शिकवण्याची गरज नाही. पण चिठ्ठीवर दहा दिवसांचे औषध असताना "तीनच दिवसांचे द्या, बरे वाटले की बंद करू" म्हणणारे गिऱ्हाईक रोज माझ्यापुढे उभे असते, आणि त्यात होटगी रोडवरच्या पैसेवाल्यांच्या गाड्याही असतात. केवळ विडी कामगारांना दोष देऊ नये.

पूर्व भागातील शिक्षिका:
दोष मी त्यांना दिलेलाच नाही. माझे लिखाण पुन्हा वाचावे.

बाळीवेसकर:
विषय निघालाच आहे तर सांगतो. बहिणीचे इंजेक्शन द्यायलाही दवाखाने तयार नसतात. "रिअ‍ॅक्शन आली तर जबाबदारी कोणाची?" असे विचारून परत पाठवतात. ज्या औषधाने तिची झडप वाचायची, त्यासाठी दर तीन आठवड्यांनी कोणाकोणाच्या हातापाया पडायचे? आणि आपण आम्हाला थांबायला सांगता!

बालरोग डॉक्टर:
ही तक्रार खरी आहे. गंभीर रिअ‍ॅक्शन दुर्मीळ असते आणि तिच्यावरचे अ‍ॅड्रिनलिन प्रत्येक दवाखान्यात असलेच पाहिजे. भीतीपोटी इंजेक्शन नाकारणे हा रुग्णावर अन्याय आहे.

मूळ मुद्द्याविषयी सांगायचे, तर स्ट्रेपचा तापही बहुधा तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो, म्हणून "तिसऱ्या गोळीला गुण आला" यातून काहीच सिद्ध होत नाही. अनेक पालक ए.एस.ओ. या रक्तचाचणीचा रिपोर्ट घेऊन येतात. तो मागील काही आठवड्यांत होऊन गेलेल्या संसर्गाविषयी सांगतो, आजच्या घशाविषयी नाही. स्वॅबवर काही मिनिटांत होणारी झटपट अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आली आणि शंका दाट असेल तर मुलांत कल्चर करावे. मात्र लाळ गिळता येत नसेल, श्वासाला घरघर असेल, तोंड उघडत नसेल किंवा घशात करडा, पुसायला गेल्यास रक्त येणारा पडदा दिसला, तर तासभरही थांबू नये. लसी राहिलेल्या मुलांत तो घटसर्प असू शकतो.

बाळीवेसकर:
नऊ दिवसांची बाब मान्य करतो. डॉक्टर बदलण्याविषयीचे वाक्य मात्र मागे घेणार नाही. स्वॅब न घेता, पुन्हा केव्हा यायचे ते न सांगता नुसते "व्हायरल आहे" म्हणून पाठवणाऱ्याला ते लागू आहे.

होटगीरोडकर:
असे लिहिले असते, तर मी धागाच काढला नसता.

पूर्व भागातील शिक्षिका:
आणि परवा न येणाऱ्या बाईचे काय? त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

बालरोग डॉक्टर:
शंका दाट असेल, तर चिठ्ठी पहिल्याच दिवशी लिहून द्यावी आणि निकाल फोनवर कळवावा. खेप वाचते. अडचण एवढीच की, बहुतेक जण ते औषध त्याच संध्याकाळी घेऊन टाकतात.

मेडिकलवाला:
चिठ्ठीवर "निकालानंतरच द्यावे" असे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा आणि खाली आपला फोन नंबर द्या. मी विचारल्याशिवाय औषध देणार नाही, आणि देईन तेव्हा दहा दिवसांचे पूर्ण देईन.