बोट टेकेपर्यंत ओळ जागची हलता कामा नये

पंचगंगाकाठ (मूळ धागा)

मोबाइल ॲपमधली यादी वाचणाऱ्यासमोर उघडी असताना तिच्यात मागून नव्या नोंदी येऊन पडत असतील, तर पडद्यावर दिसणाऱ्या ओळी जागच्या हलता कामा नयेत, मग ती नवी नोंद कितीही महत्त्वाची असो, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कशामुळे झाले हे आधी सांगतो, म्हणजे ज्यांना विरोध करायचा आहे त्यांना नेमका कशाला करायचा ते कळेल.

एका दूध संकलन केंद्रासाठी मी अँड्रॉइडवरचे नोंदीचे ॲप लिहिले होते. पहाटे रांग लागते, एका फोनवर माप आणि फॅट-एसएनएफ (दुधातले स्निग्धांश व बाकीचे घनपदार्थ) चढवले जाते, त्याच वेळी शेजारच्या वस्तीवर दुसऱ्या फोनवर संकलन चालू असते, आणि दोन्हीकडच्या नोंदी सर्व्हरमार्गे एकाच यादीत येतात. ज्यांचे दूध यायचे आहे ते उत्पादक वर आणि ज्यांचे आले ते खाली, अशी मांडणी केंद्राने मागितली होती व मलाही ती सोयीची वाटली. तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे उभा होतो. नोंद करणाऱ्या मुलीने समोरच्या आजोबांचे नाव यादीत शोधले आणि अंगठा खाली आणला. तेवढ्यात वस्तीवरची एक नोंद आली, वरचे एक नाव उचलले जाऊन तळाला गेले, मधल्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या आणि अंगठा आजोबांच्या खालच्या नावावर टेकला. साडेसहा लिटर दूध दुसऱ्याच्या खात्यावर चढले. आजोबांनी पावती हातात घेऊन नाव वाचले म्हणून ते सापडले. जे पावती न वाचता खिशात घालतात त्यांचे काय झाले असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

या प्रसंगात प्रोग्रामच्या हिशेबाने काहीच चुकले नव्हते. टॅप झाला त्या क्षणी त्या जागी जी ओळ होती तिचाच आयडी (ओळखक्रमांक) पुढच्या पडद्याला मिळाला. माणसाचा डोळा नाव पाहतो आणि बोट तिथे पोहोचते यांत साधारण पाव सेकंद जातो, आणि पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा नवा रंगतो, म्हणजे तेवढ्यात पंधरा फ्रेम होऊन जातात. त्यांतल्या कुठल्याही फ्रेममध्ये यादी बदलली, तर आयडी बरोबर आणि माणूस चुकीचा, अशी गत होते.

ब्राउझरवाल्यांनी याची दखल बऱ्याच आधी घेतली. वरच्या भागात मजकूर येऊन पडला तरी वाचत असलेला परिच्छेद जागेवर राहावा म्हणून क्रोमने २०१७ मध्ये ५६व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये ६६व्या आवृत्तीत स्क्रोल-अँकरिंग आपणहून चालू ठेवले. ॲप लिहिणाऱ्याने तेच करायचे आहे: दिसणाऱ्या पहिल्या ओळीचा आयडी आणि तिचे वरच्या कडेपासूनचे अंतर लक्षात ठेवायचे, बदलानंतर तो आयडी नव्या यादीत कुठे गेला ते शोधायचे आणि त्याच अंतरावर ती ओळ आणून ठेवायची. मात्र दिसणाऱ्या ओळींपैकीच एक काढायची असेल तर एवढ्याने भागत नाही, आणि माझ्या ॲपात नेमके तेच झाले होते. आता मी तसे नाव जागीच फिके करतो आणि वापरणाऱ्याने यादी सरकवून ते पडद्याबाहेर नेले की मगच खाली पाठवतो.

काठावरचा

आपल्या आजोबांची गोष्ट पटली, पण तिच्यावरून काढलेला नियम पटला नाही. माझा अनुभव बरोबर उलटा आहे आणि त्याचीही किंमत माणसांनीच मोजली आहे.

एका खानावळीच्या स्वयंपाकघरात लावलेल्या टॅबलेटसाठी मी ऑर्डरची यादी जेटपॅक कंपोजमध्ये (अँड्रॉइडचे पडदे रचण्याची नवी साधने) लिहिली. नवी ऑर्डर सर्वांत वर. लेझीकॉलममध्ये, म्हणजे कंपोजच्या उभ्या यादीत, प्रत्येक ओळीला ‘की’ (key, तिची कायमची ओळख) द्यावी असे जाणकार सांगतात, तशी मी दिली. ही ‘की’ दिल्यावर लेझीकॉलम आपणहून तेच करतो जे आपण मागत आहात: आधी जी ओळ सर्वांत वर दिसत होती तिला तो धरून ठेवतो आणि नवी ओळ तिच्या डोक्यावर, पडद्याच्या बाहेर नेऊन बसवतो. यादी अगदी माथ्याला असतानाही. रविवारी दुपारी ऐन गर्दीत तीन ऑर्डरी अशा वर दडून राहिल्या. पोळ्या लाटणाऱ्या बाईंचे हात पिठाचे, भाजी परतणाऱ्यांचे तेलाचे. पडदा वर ओढून पाहायला कोणाचा हात मोकळा असतो? पडदा शांत दिसत होता म्हणून आत सगळ्यांना वाटले की काम संपत आले, आणि बाहेर एक कुटुंब लहान मुलांना घेऊन पाऊण तास ताटकळत बसले होते.

तेव्हा ओळी न हलवणे हा निरुपद्रवी पर्याय आहे असे समजू नये. जी यादी माणूस हाताळत नाही, नुसती पाहतो, तिच्यात स्थिर ओळ खोटे बोलते. अँड्रॉइडच्या जुन्या यादीत, रिसायकलरव्ह्यूमध्येही, शून्याव्या म्हणजे सर्वांत वरच्या जागी ओळ घातली की हाच अनुभव येतो, आणि दर काही महिन्यांनी कोणीतरी नवा मुलगा विचारतो की नोंद आली आहे पण दिसत का नाही.

मृद्गंध

गप्पांच्या ॲपचे उदाहरण घ्या, म्हणजे दोघांचेही अर्धे बरोबर असल्याचे दिसेल. माणूस तळाशी असेल तर नवा निरोप आला की यादीने खाली जायलाच हवे. तो वर जाऊन मागच्या आठवड्यातला पत्ता शोधत असेल तर मुळीच नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप बनवण्याचे साधन) दिसणारा मजकूर जागेवर ठेवण्याची जी सोय आहे (आयओएसवर आधीपासून आणि अँड्रॉइडवर २०२३ च्या ०.७२ आवृत्तीपासून), तिच्यात ही वाटणी आकड्याने सांगता येते: माथ्यापासून अमुक अंतराच्या आत असाल तर नव्याकडे न्या, नाहीतर हलवू नका. गप्पांसारख्या उलट्या यादीत, जिथे नवे तळाशी येते, हाच माथा तळाला येतो. मला हा तोडगा पुरेसा वाटतो.

सह्यकडा

आपण तिघेही असे गृहीत धरून बोलत आहात की यादी कुठे थांबावी हे ॲप लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. मी रोज इतरांचा कोड तपासतो, आणि माझा अनुभव असा की दहांतल्या आठ ठिकाणी कोणी काहीच ठरवलेले नसते. यादी जिथे जाते तिथे अपघाताने जाते. धोरणाचा वाद घालण्याआधी तो अपघात थांबवायला हवा.

दोन जागा नेहमीच्या आहेत. पहिली परत येण्याची. माणूस शंभराव्या ओळीवरून तपशिलात जातो, फोन आला म्हणून ॲप बाजूला ठेवतो, परत येतो तेव्हा सिस्टीमने ॲप बंद केलेले असते. अँड्रॉइड जुनी जागा प्रामाणिकपणे परत देते, पण त्या क्षणी माहिती सर्व्हरवरून यायची असते, यादी रिकामी असते, आणि रिकाम्या यादीत शंभरावी ओळ कुठून सापडणार? जागा तिथेच हरवते आणि पाठोपाठ आलेली यादी पहिल्या ओळीपासून दिसते. रिसायकलरव्ह्यूच्या १.२ आवृत्तीत, म्हणजे २०२१ पासून, यावर एका ओळीचा उपाय आहे: यादीत काही येईपर्यंत जागा परत देऊ नकोस असे अडॅप्टरला (यादीला ओळी पुरवणाऱ्या भागाला) सांगता येते. तरीही ती ओळ मला क्वचितच दिसते.

दुसरी जागा सबमिटलिस्टची, म्हणजे अडॅप्टरला नवी यादी देणाऱ्या फंक्शनची. नवी यादी दिली की जुन्या-नव्यातला फरक काढण्याचे काम मागच्या थ्रेडवर (पडद्याआड समांतर चालणाऱ्या धाग्यावर) जाते आणि हाक मारणारा कोड लगेच पुढे सरकतो. पुढच्याच ओळीत ‘माथ्याला जा’ असे लिहिलेले असले, तर ती आज्ञा जुन्या यादीवर चालते. मग कोणीतरी ३०० मिलिसेकंद थांबून आज्ञा देतो, ती लिहिणाऱ्याच्या महागड्या फोनवर चालते आणि खेड्यातल्या तीन वर्षे जुन्या फोनवर चालत नाही, म्हणून पुढचा ५०० करतो. हे आकडे मला कोडमध्ये दिसले की मनापासून वाईट वाटते, कारण नवी यादी खरोखर बसल्यावर सांगणारा कॉलबॅक त्याच फंक्शनला देता येतो. किती वेळ लागेल याचा अंदाज कशाला बांधायचा, काम झाले की निरोप मिळतो ना?

आयओएसवरही वेगळे काही नाही. ओळींची उंची अंदाजाने दिलेली असते, वर वीस जुने निरोप येऊन बसतात, अंदाज आणि खरी उंची यांत फरक पडतो आणि यादी उडी मारते. चित्रांची लांबी-रुंदी सर्व्हरने मजकुराबरोबरच पाठवली तर अर्धा त्रास तिथेच संपतो, पण त्यासाठी सर्व्हर लिहिणाऱ्याशी बोलावे लागते.

पंचगंगाकाठ

सह्यकडा, कॉलबॅकबद्दल आपले म्हणणे पूर्ण मान्य. पण माझ्या केंद्रावर अपघात नव्हता. फरक नीट काढला होता, आयडी पक्के होते, सरकण्याचे ॲनिमेशनसुद्धा सुबक होते. आपण सांगता ते सगळे करूनही दूध दुसऱ्याच्या खात्यावर गेले. म्हणून धोरणाचा प्रश्न नंतरचा नाही.

मृद्गंध, अंतराचा आकडा मला अपुरा वाटतो, कारण तो यादी कुठे आहे ते विचारतो, माणूस काय करत आहे ते विचारत नाही. माझी नोंद करणारी मुलगी माथ्यालाच होती. आपल्या नियमाने तिची यादी बिनदिक्कत हलली असती.

काठावरचा, आपल्या खानावळीपुढे मात्र मला माझे पहिले वाक्य मागे घ्यावे लागते. ज्या यादीला कोणी हात लावत नाही तिथे माझा नियम चुकीचा आहे. पण जिथे टॅप करायचा असतो आणि त्या टॅपने कोणाचे तरी पैसे, औषध किंवा हिशेब बदलतो, तिथे मी हटणार नाही. तिथे वर ‘३ नव्या नोंदी’ अशी पट्टी दाखवावी आणि माणसाने ती दाबल्यावरच यादी हलवावी.

काठावरचा

मागे घेतलेत याबद्दल आभार, पण पट्टीवरही माझा पूर्ण विश्वास नाही. तिची सवय होते आणि मग ती दिसेनाशी होते. स्वयंपाकघरात मी शेवटी असे केले: नवी नोंद येण्याच्या आधी यादी अगदी माथ्याला आहे का आणि गेल्या तीन सेकंदांत कोणी पडद्याला हात लावला आहे का, हे पाहायचे, माथ्याला असेल आणि हात लागलेला नसेल तर पुढच्या मांडणीत पहिली ओळच वर ठेव अशी विनंती करायची, जी सोय कंपोजच्या १.७ आवृत्तीपासून आहे. आणि नाहीतर ओळी जागेवर ठेवून घंटा वाजवायची. पिठाच्या हातांनाही घंटा ऐकू येते.

अक्षरवाट

या चर्चेत सगळे जण दिसण्याबद्दल बोलत आहेत. माझे वडील टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, फोन वापरतात. सगळी यादी बदलली असे सांगून ॲप ती पुन्हा मांडते तेव्हा अनेकदा त्यांचा फोकस (वाचन जिथे आले ती ओळ) हरवतो, आणि बँकेच्या व्यवहारांची यादी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. एकदा मी शेजारी बसून मोजले: अकराव्या ओळीपर्यंत पोहोचायला त्यांना दोन मिनिटे लागली आणि तिथे यादी पुन्हा बदलली. त्यांनी फोन खाली ठेवला व मला म्हणाले, “तूच बघून सांग.” पट्टी दाखवा किंवा दाखवू नका, पण ती वाचून दाखवली जाईल अशी खूण तिला द्या, आणि तीही चालू वाक्य न तोडता.

पंचगंगाकाठ

अक्षरवाट, माझ्या ॲपातल्या पट्टीला ती खूण नाही. आज संध्याकाळी घालतो. काठावरचा, आपले तीन सेकंद मी केंद्रावर वापरून पाहणार आहे, मात्र हात लागण्याऐवजी शेवटची पावती निघाल्यापासून मोजेन, कारण रांगेत पुढचा माणूस कॅन उचलून मापाला लावेपर्यंत मुलीचा अंगठा पडद्याच्या वर अधांतरीच असतो.